दरी आणि पडदा : पन्नास वर्षांचा मागोवा

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद भाजीबाजारात भेटले. मंडळाची कितीतरी वर्षांची इतिवृत्ते ज्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेली आहेत, असे हे गृहस्थ. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी सहज स्वरात विचारले, "यंदा आमच्या घरची आरतीची पाळी काही कळवली नाहीत. वगळलंत की काय आम्हाला?"

आम्ही चपापलो. पाळी कळवली होती, पण मोबाइलवरच्या गटात. छापील पत्रक घरोघरी वाटायचे आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केले. कागद वाचला, पैसे वाचले, धावपळ वाचली, म्हणून कार्यकारिणीने एकमेकांचे कौतुकही केले. या गृहस्थांकडे मात्र साधा, बटणांचा फोन. आमच्या हिशेबी निरोप पोहोचला होता, त्यांच्या हिशेबी मंडळाने त्यांच्याशी बोलणेच सोडले होते.

घरी परतल्यावर यादी काढून पाहिली, तेव्हा असे सभासद बरेच निघाले. मग बैठकीत विषय निघाला. तरुण मंडळींनी सुचवले की, मोबाइल कसा वापरायचा याच्या छोट्या छोट्या चित्रफिती करू आणि ज्येष्ठांना दाखवू. सूचना चांगलीच होती. पण एकाने विचारले, "या चित्रफिती त्यांना पाठवणार कशा? मोबाइलवरच ना?" सगळे हसले. हसू ओसरल्यावर मात्र हा प्रश्न आम्हाला सोडीना. जे माणूस तंत्रज्ञानाच्या पलीकडच्या तीरावर उभे आहे, त्याच्यापर्यंत तंत्रज्ञानानेच पोहोचायचे तर कसे? हा खटाटोप आपल्या देशात पूर्वी कुणी केला आहे का? शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, पन्नास वर्षांपूर्वीच तो झाला होता, आणि त्यातली दोन महत्त्वाची प्रकरणे तर आपल्या हैदराबादेत आणि शेजारच्या मेदक जिल्ह्यात घडली आहेत.

'डिजिटल डिव्हाइड', म्हणजे डिजिटल दरी, हा शब्द १९९०च्या दशकात रूढ झाला. दरी मात्र त्याहून जुनी. साक्षर आणि निरक्षर, शहर आणि खेडे, वीज असलेले घर आणि नसलेले घर, अशा दऱ्या आधीपासून होत्याच. त्या चित्राने ओलांडण्याची कल्पनाही आपल्याला नवी नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावरची चित्रे एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले. आपल्या गणेशोत्सवातले हलते देखावे म्हणजे दिवे, पुतळे, संगीत आणि निवेदन यांचा मेळच. अफझलखानवधाचा देखावा समजायला अक्षरओळख लागत नाही.

हीच कल्पना डॉ. विक्रम साराभाई यांनी अवकाशात नेली. खेड्यापर्यंत रस्ता आणि शाळा पोहोचायला अनेक वर्षे लागतील, पण उपग्रहावरून चित्र एकदम पोहोचवता येईल, असा त्यांचा विचार होता. त्याआधी २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सामूहिक संच बसवून 'कृषिदर्शन' सुरू झाले होते. १९६९ मध्ये अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची 'नासा' यांच्यात करार झाला. साराभाई डिसेंबर १९७१ मध्ये गेले, पण काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी 'सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट', म्हणजेच 'साइट', हा प्रयोग सुरू झाला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा प्रा. यशपाल होते, आणि प्रयोगाचे व्यवस्थापन ज्यांच्याकडे होते ते प्रा. एकनाथ वसंत चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, याची खंत वाटते.

प्रयोगाचा पसारा आजही थक्क करतो. आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार आणि ओरिसा ही सहा राज्ये, त्यांतले वीस जिल्हे आणि सुमारे २,४०० गावे. गावात एक संच आणि बाहेर जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची तबकडी. संच तयार केले आपल्या हैदराबादच्या 'ईसीआयएल'ने. वीज नसलेल्या काही गावांत ते बॅटरीवर चालत. दिल्ली, कटक आणि हैदराबाद या तीन केंद्रांत कार्यक्रम तयार होत. हैदराबादेत तेलुगू आणि कन्नड कार्यक्रमांचे काम चाले. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, मनोरंजन असे सगळे त्यात होते. आंध्रातल्या निवडलेल्या जिल्ह्यांत मेदकही होता. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

'साइट'मधला एक उपक्रम आजच्या भाषेत 'मल्टिमीडिया' म्हणावा असा होता. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण द्यायचे होते. नुसता दूरचित्रवाणीचा धडा पुरणार नाही, हे योजकांनी ओळखले. म्हणून त्याच्या जोडीला आकाशवाणीचे कार्यक्रम, छापील पुस्तिका आणि स्थानिक पातळीवर हातांनी करायचे प्रयोग असा संच तयार केला. सुमारे ५० हजार शिक्षकांना अशा रीतीने प्रशिक्षण मिळाले. पडदा एकटा शिकवत नाही, त्याच्याशेजारी माणूस आणि हाताला काम लागते, हा धडा १९७५ मध्येच आपल्याला मिळाला होता.

मग उणे कुठे राहिले? पहिले उणे भाषेचे. रायपूर-बिलासपूरकडच्या छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांत आणि दरभंग्याच्या मैथिली घरांत हिंदी कार्यक्रम जात होते. घरची बोली एक आणि पडद्याची दुसरी. दुसरे उणे दिशेचे. चित्र आकाशातून गावात उतरत होते, गावातून परत जायला वाट नव्हती. मानववंशशास्त्राचे अभ्यासक गावांत मुक्काम करून लोकांवर काय परिणाम होतो ते टिपत होते, ही मोठीच गोष्ट होती. पण गावकरी स्वतः पडद्यावर येऊन "आमचं म्हणणं असं आहे" म्हणू शकत नव्हते. तिसरे उणे उधारीचे. उपग्रह अमेरिकेचा, तोही एका वर्षापुरता मागून आणलेला. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली. पुढे काही भागांत जमिनीवरच्या प्रक्षेपकांतून कार्यक्रम सुरू झाले, पण ज्या गावांना ते लाभले नाहीत, तिथे पडदा आला तसाच गेला.

पहिल्या दोन उणिवा भरून काढण्याचा प्रयत्न गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात झाला. पीज या गावी एक किलोवॉटचा छोटा प्रक्षेपक १९७५ मध्येच उभा राहिला होता. दूधसंघांमुळे माणसे संघटित होती. चारशेहून अधिक गावांत सामूहिक संच होते. अहमदाबादच्या चमूने तिथे वेगळी वाट धरली. कॅमेरा गावात नेला, भाषा चरोतरची, बोलणारे गावकरी. शेतमजुरांची किमान मजुरी, दलितांवरचा अन्याय, दारू, पंचायतीचा कारभार असे विषय पडद्यावर आले. ज्यांच्याबद्दल तक्रार होती ती माणसेही त्याच गावातली, त्याच पडद्यासमोर बसणारी. या कामाला १९८४ मध्ये युनेस्कोचे ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर लवकरच पीजचा प्रक्षेपक बंद झाला. अहमदाबादच्या शक्तिशाली केंद्राने तो भाग व्यापला, मग लहान केंद्राची गरज काय, असा तो विचार. कागदावर तो बरोबरही असेल. पण मोठ्या केंद्राचे चित्र जास्त दूर जाते आणि लहान केंद्राचे चित्र जास्त जवळ येते, हा फरक कागदावर दिसत नाही. आमच्या पत्रकांच्या बाबतीत आम्हीही तोच हिशेब केला होता.

त्याच १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' या संघटनेने आणखी एक पाऊल टाकले. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली ही कष्टकरी स्त्रियांची संघटना. मार्था स्टुअर्ट या अमेरिकन बाईंनी संघटनेच्या वीस स्त्रियांना तीन आठवडे व्हिडिओ चित्रणाचे शिक्षण दिले. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, मजुरी करणाऱ्या होत्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती. कॅमेऱ्यावरचे इंग्रजी शब्द वाचता येत नव्हते, पण कोणते बटण काय करते हे हाताला कळले की झाले. माणेकचौकातल्या भाजीवाल्यांचा बसण्याच्या जागेसाठीचा झगडा हा त्यांच्या सुरुवातीच्या चित्रणाचा विषय होता. लिहिता येत नसले तरी आपली बाजू मांडता येते, हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले. अर्ज लिहायला दुसऱ्याकडे जावे लागते, कॅमेरा मात्र स्वतः धरता येतो.

यानंतर संगणकाचा काळ आला. १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात 'इस्रो'ने १५० गावांत उपग्रहाचे संच बसवले, आणि या वेळी तालुक्याच्या ठिकाणांहून उलट प्रश्न विचारण्याची सोयही केली. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यातली ७० गावे संगणकांनी जोडली गेली. ऊस किती घातला, पैसे किती झाले, हे शेतकऱ्याला गावातच कळावे हा हेतू. पुढे सात गावांत असा प्रयोग झाला की, संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या संदेशाने तेच काम होते का ते पाहावे. ते झाले, आणि स्वस्तातही झाले. जानेवारी २००० मध्ये इंदूरजवळच्या धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' सुरू झाले. मंडईचे भाव, जमिनीचे उतारे, तक्रारअर्ज हे सारे गावातल्या 'सूचनालया'त मिळू लागले. त्याच वर्षी स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नंतर वीज, टेलिफोनच्या तारा आणि केंद्र चालवणाऱ्याचे पोट, या तीन ठिकाणी अडून अनेक सूचनालये बंद पडली. पुरस्कार यंत्राला मिळतो, पण यंत्र चालवतो तो गावातला एक तरुण, आणि त्याला महिन्याकाठी काय मिळते यावर सगळे अवलंबून असते.

याच सुमारास डिजिटल दरी जगाला चित्रातून दिसली ती दिल्लीत. २६ जानेवारी १९९९ रोजी कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी आपल्या कंपनीच्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती. तिथली मुले आली, खुडबुड करू लागली, कुणी न शिकवता शिकू लागली. २००२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने त्यावर चित्रपट दाखवला. आपले मुत्सद्दी-लेखक विकास स्वरूप यांना त्यातूनच कादंबरी सुचली, आणि तिचा 'स्लमडॉग मिलियनेअर' झाला. एका चित्राने जे होते ते शंभर अहवालांनी होत नाही, हे खरे. भिंत, भोक आणि त्याभोवती डोकी, एवढे पाहिले की दरी म्हणजे काय ते कुणालाही समजते.

पण आमच्या मनात एक शंका येते. त्या चित्रांत कॅमेरा कुठे उभा होता? दरीच्या अलीकडे. त्याने अलीकडच्या लोकांना पलीकडची मुले दाखवली. मुलांनी काय पाहिले, त्यांना काय हवे होते, हे सांगायला कॅमेरा त्यांच्या हातात नव्हता. दरीविषयी बोलणे वेगळे आणि दरीपलीकडच्या माणसाला बोलू देणे वेगळे.

आता मेदककडे वळू. आपल्यापैकी कितीतरी जण सोलापूरला, पुण्याला गाडीने जाताना जहीराबादला चहासाठी थांबतात. तिथेच पस्तापूर हे गाव आहे. 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी' तिथे दलित स्त्रियांच्या गावोगावच्या संघटनांबरोबर, म्हणजे त्यांच्या 'संघम्'बरोबर, काम करते. ज्वारी-बाजरीची शेती, बियाणे जपणे हा त्यांचा मुख्य उद्योग. या संस्थेचे संस्थापक-संचालक पी. व्ही. सतीश मूळचे दूरदर्शनचे निर्माते. 'साइट'च्या कार्यक्रमांत त्यांनी काम केले होते. म्हणजे १९७५ मध्ये गावांसाठी चित्रे पाठवणाऱ्यांपैकी एक माणूस पुढे त्याच परिसरात येऊन राहिला आणि त्याने दिशा उलटी केली. शेतात राबणाऱ्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांना त्याने कॅमेरा चालवायला शिकवला. २००१ मध्ये त्यांचा 'कम्युनिटी मीडिया ट्रस्ट' उभा राहिला.

कॅमेऱ्याच्या कोनांची इंग्रजी नावे या स्त्रियांनी घेतली नाहीत, स्वतःची ठेवली. वरून-खालून घेतलेल्या कोनांना त्यांनी जमीनदाराच्या आणि वेठबिगाराच्या नात्यातून नावे दिली. आणि डोळ्याला डोळा भिडेल अशा पातळीवरून घेतलेल्या चित्राला नाव दिले 'संघम् शॉट', कारण संघम्मध्ये सगळ्या जमिनीवर एका पातळीला बसतात, कुणी कुणाकडे वरून पाहत नाही. चित्रपटशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचूनही जे सहज उमगत नाही, ते या बायांनी दोन शब्दांत सांगितले. कॅमेरा धरणारा कोणत्या उंचीवर उभा आहे, यावर समोरचा माणूस केवढा दिसतो ते ठरते.

२००३ मध्ये त्यांनी वरंगळच्या शेतकऱ्यांवर चित्रपट केला. बीटी कापूस पेरलेल्या शेतांत हंगामभर पुन्हा पुन्हा जाऊन, शेतकऱ्यांशी शेतकऱ्यासारखेच बोलून तो केला. तो देशाबाहेरही पाहिला गेला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूर गावी त्यांचे 'संघम् रेडिओ' केंद्र सुरू झाले. त्याचे उद्घाटन केले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा १९९५ मध्ये निकाल देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठावर हे आपले मराठी न्यायमूर्ती होते. निकालातला शब्द तेरा वर्षांनी एका खेड्यात आवाज होऊन उमटला, याचे समाधान त्यांना खासच वाटले असेल.

हा सगळा इतिहास २०२० मध्ये एकदम आपल्या घरात शिरला. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शंभरांपैकी सुमारे २४ घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. शहरांत ४२, खेड्यांत १५. म्हणजे खेड्यातली शंभरांपैकी ८५ घरे सोयीविना. तेव्हा लोकांना आठवण झाली ती जुन्या दूरचित्रवाणीची. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. इंटरनेट नसलेल्या घरातही धडा पोहोचू लागला. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातल्या चौकोनी संकेतचित्रावर मोबाइल धरला की कविता ऐकू यावी, धडा दिसावा, ही त्यांची युक्ती गाजली. पण आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची आधीची मेहनत. वर्गातल्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात आणि पुस्तक त्या भाषेत नाही, हे पाहून ते आधी कन्नड शिकले, आणि मग तंत्रज्ञानाकडे वळले. परभाषेच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

'साइट'पासून परितेवाडीपर्यंतचा हा प्रवास पाहिल्यावर आम्हाला एकच गोष्ट प्रकर्षाने जाणवते. चित्राने दरी ओलांडता येते, पण फक्त तिथे, जिथे पलीकडच्या माणसालाही आपले चित्र अलीकडे पाठवता येते. पुढे जे टिकले ते तिथेच टिकले. बाकी ठिकाणी आपण बोलत राहिलो आणि समोरचा ऐकतो आहे असे समजत राहिलो.

म्हणून यंदा आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, छापील पत्रक पुन्हा सुरू केले. ते मोबाइलच्या गटाशेजारी चालेल, त्याच्या जागी नव्हे. वाटायचे काम तरुणांकडे दिले आहे, कारण पत्रक देताना दारात पाच मिनिटे बोलणे होते. दुसरी गोष्ट चित्रफितींची. ज्येष्ठांसाठी चित्रफिती करण्याऐवजी ज्येष्ठांकडून करून घ्यायच्या असे ठरले. कॅमेरा नातवंडांचा, विषय आजी-आजोबांनी निवडलेला. कुणी मुदाखणाची कळी पाडायची कशी ते दाखवणार आहे, कुणी निजामाच्या काळातला गणेशोत्सव सांगणार आहे. उत्सवाच्या सहाव्या दिवशी त्या सभामंडपात मोठ्या पडद्यावर दाखवू.

बाजारात भेटलेल्या त्या गृहस्थांनी अक्षर शिकवण्याचा विषय घेतला आहे. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांतली मोडी लिपी कशी वाचावी, ते सांगणार आहेत. आमच्या तरुण कार्यकारिणीत मोडी एकालाही येत नाही. तेव्हा दरीच्या कोणत्या काठाला कोण उभे आहे, याचा निर्णय इतक्यात करू नये, हे बरे.

गणपती हा जसा विद्येचा देव, तसाच तो सगळ्यांना एका मांडवात बसवणारा देव. मांडवात कुणी उंचावर बसत नाही, सगळ्यांसाठी एकच सतरंजी असते. तिथे येण्याचे निमंत्रण प्रत्येक घरी पोहोचावे, एवढे आम्ही यंदा नक्की पाहू. आरतीची पाळी ठरली आहे. पत्रक मिळाले नसेल तर जरूर सांगावे, आम्ही स्वतः घेऊन येऊ.

गणपती बाप्पा मोरया!